एक बांधी पोरांसाठी



मागील लेखात आम्ही धानावरच्या तुडतुड्याविषयी लिहिले होते. त्यावर जी पत्रे आली त्यांना सवडीने उत्तर देऊ. या खेपेचा विषय शेतातलाच आहे, परंतु पिकाचा नाही. पीक न घेण्याचा आहे.

झाले असे की, आश्विन पौर्णिमेला आमच्या विहारात वर्षावासाचा समारोप झाला. तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालले होते. शेवटच्या दिवशी खीरदान झाले, ताटे धुऊन झाली, आणि आम्ही घरी येऊन टेकतो न टेकतो तोच मंडळाची सात-आठ पोरे आमच्या सपरीत येऊन बसली. एरवी ही पोरे एका जागी पाच मिनिटे बसत नाहीत. एवढी शांत बसली म्हणजे काहीतरी मागणे असणार हे आम्ही ओळखले. शेवटी एकाने तोंड उघडले, "काका, तुमची नहराकडची बांधी औंदा कबड्डीले देता का?"

मुंबई-पुण्याकडच्या वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्वेकडच्या भागात, धानाच्या शेताला चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवतात. अशा एका तुकड्याला बांधी म्हणतात. धान कापायला दहा-पंधरा दिवस उरले, जमिनीत ओल आहे, अशा वेळी उभ्या धानातच लाखोरी, जवस किंवा हरभरा फेकून द्यायचा. नांगर नाही, खत नाही, वरचे पाणी नाही. धान निघाले की खालून हे दुसरे पीक वर येते. याला उतेरा म्हणतात. लहान शेतकऱ्याच्या घरची वर्षाची डाळ यातूनच निघते. आमची जमीन अडीच एकर. त्यातली नहराकडची अर्ध्या एकराची बांधी मोरांड मातीची, ओल धरून ठेवणारी. बरे साधले तर तिच्यात पोतेभर लाखोरी होते. तीच बांधी पोरांनी मागितली, कारण ती रस्त्याला लागून आहे आणि सर्वांत सपाट आहे. पोरांना अक्कल नाही असे कोण म्हणेल!

आम्ही काही बोलण्याच्या आत आमच्या सहचारिणी चुलीजवळून बोलल्या, "मंग लाखोरी का तुमचा मंडळ आनून देईन?"

पोरांनी माना खाली घातल्या. आम्ही म्हटले, विचार करून सांगतो. शेतकऱ्याचे हे ठरलेले उत्तर आहे. याने 'नाही' म्हणायचे टळते आणि 'हो' म्हणायचेही.

विचार मात्र खरोखरच करावा लागला. पोरांचे म्हणणे खोटे नव्हते. शाळेच्या पटांगणाला कुंपण झाले आणि सुटी झाली की फाटकाला कुलूप लागते. गावठाणातली मोकळी जागा तणसीच्या ढिगांनी आणि ट्रॉल्यांनी भरलेली. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, तेव्हा ही पोरे पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल. आमचा भाग ब्रह्मपुरी वनविभागाचा, आणि येथल्या वाघांची बातमी तुम्ही वर्तमानपत्रात वाचतच असाल. मोहफुले वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसे दरवर्षी वाघाच्या तोंडी पडतात. अंधारात पळणारे पोर वाघाला काय वाटत असेल, हे आम्ही कोणाला समजावून सांगायची गरज नाही. गाव निजलेले आणि ज्यांना नोकरीची आस आहे ती पोरे वाघाच्या रस्त्यावर. असा हा व्यायाम आहे.

त्या दिवशी आलेल्यांत एक मुलगीही होती. ती सपरीत बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बारावीत आहे. पोरे जायला उठली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "काका, आमचीबी टीम हाये." शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, हे तिला तोंडपाठ. त्यासाठी मोठ्या स्पर्धेतले प्रावीण्य लागते, हेही ठाऊक. बीजिंगच्या १९९० च्या आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी आली आणि महिलांची कबड्डी यायला २०१० साल उजाडले, तेथे ग्वांगझूला आपल्या मुलींनी सुवर्णपदक घेतले, हे तिनेच आम्हाला सांगितले. आम्हाला फक्त एवढे ठाऊक होते की १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी तिकडे जाऊन आपले खेळ करून दाखवले होते. आम्ही ते सांगितले. तिने 'हो का' म्हटले. म्हाताऱ्या माणसाच्या माहितीला तरुण पोरे जेवढा मान देतात तेवढा दिला.

त्या रात्री आम्हाला वडिलांची आठवण आली. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा वडील एकवीस वर्षांचे होते. छोट्या लाइनीच्या गाडीने नागभीडहून चांद्याला गेले. परत आल्यावर घरातले देव नहरात सोडले, आणि दोन-तीन वर्षांत वस्तीतल्या पोरांचा हुतुतूचा संघ काढला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे लहानपणी आम्हाला वाटत नसे.

वडील एका सामन्याची हकीकत नेहमी सांगत. शेजारच्या एका गावी मंडईच्या दिवशी सामने होते. समोर मोठ्या वाड्यांतल्या पोरांचा संघ. आमचा गडी दम धरून त्यांच्या हद्दीत शिरला की ते सातही जण मागे मागे सरकत. भीतीने नव्हे, विटाळाने. पकड करायची तर अंगाला हात घालावा लागतो, मांडी धरावी लागते, घाम अंगाला लागतो. ते कसे करायचे? म्हणून कोणी पुढे येईना. पण या खेळाचा नियमच असा आहे की, चढाई करणाऱ्याने ज्याला शिवले आणि तो सुटून परत आला, तर तो शिवलेला गडी बाद. आमच्या गड्याला तर रान मोकळे मिळाले! तो जाई, दोघांना शिवे, सावकाश परत येई. पंच ओरडे, "शिवला, बाद!" बघणारे लोक हसू लागले. ज्या गावात आपल्या माणसाची सावली चुकवून लोक चालत, त्या गावात भर मंडईत हे चाललेले.

मध्यंतरात त्यांच्यात कुजबुज झाली. एकतर विटाळ पाळायचा, नाहीतर गुण वाचवायचे. दोन्ही होणार नव्हते. दुसऱ्या डावात आमचा गडी आत गेला तेव्हा चौघांनी मिळून त्याला असा आवळला की त्याचा खांदा उतरला. वडील येथे आल्यावर हसू लागत. म्हणत, "खांदा उतरला, पन चौघायनं पकडला रे बापा!" सामना कोणी जिंकला ते त्यांना कधीच नीट आठवले नाही.

ही हकीकत आम्ही पुष्कळ वर्षे अभिमानाने सांगत असू. परंतु तिचा उत्तरार्ध वडील हळू आवाजात सांगत आणि आम्हीही तो गाळत असू. सामना संपल्यावर पोरांना तहान लागली. ज्यांनी अर्ध्या तासापूर्वी मिठी मारून धरले होते त्यांच्याच घरच्या माणसाने या पोरांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले. भांडे दिले नाही.

बाळू पालवणकरांची गोष्ट याहून वेगळी नाही. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी सांभाळत असे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत असे. पुढे तो हिंदूंच्या संघाचा आधार झाला. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्याने त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण आरंभी पुण्यात हिंदूंकडून खेळताना चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. चेंडू त्याच्या हातचा चालत होता, कपबशी चालत नव्हती. त्याचा भाऊ विठ्ठल हिंदूंच्या संघाचा कर्णधार व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. याच बाळूंना १९३७ साली काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभे केले. ते हरले. मैदानावर कमावलेले नाव दुसरे लोक कशासाठी वापरतील याचा नेम नसतो, हे आपल्या खेळाडू पोरांना कोणीतरी सांगायला हवे.

आता काळ बदलला असे म्हणणाऱ्यांसाठी आमच्याच बांधीतली एक गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही ही बांधी एकदा सामन्यांसाठी दिली होती. पंचक्रोशीतले चौदा संघ आले. सर्व जातींची पोरे. जेवण विहाराच्या आवारात होते, भात, वरण आणि वांग्याची भाजी. वस्तीतल्या बायांनी पहाटेपासून खपून केलेले. दोन संघांची पोरे जेवायला येईनात. विचारले तर म्हणाली, आज उपवास आहे. वीस-बावीस तरण्या पोरांना एकाच दिवशी उपवास! तिथी कोणती तेही त्यांना सांगता येईना. आमच्या सहचारिणींनी भाताचे घमेले झाकून ठेवले, बोलल्या नाहीत. रात्री नऊच्या सुमारास त्यातलीच पाच-सहा पोरे अंधारातून विहाराच्या मागच्या दाराने आली. एक म्हणाला, "मावशी, काही उरला आहे का?" उरला होता. पोरे पोटभर जेवली, स्वतःची ताटे स्वतः धुतली. पुढल्या दाराने का आली नाहीत असे आमच्या सहचारिणींनी विचारले नाही. आम्ही असतो तर विचारले असते, आणि पोरे उपाशी गेली असती.

म्हणून कबड्डीने जात जाते असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या खेळात शिवल्याशिवाय गुण मिळत नाही आणि धरल्याशिवाय गुण वाचत नाही, असा खेळ आपल्या जमिनीवर, आपल्या मंडळाच्या पंचांसमोर व्हावा, यात काहीतरी आहे. दुसऱ्याच्या मैदानावर आपण पाहुणे असतो. येथे पाण्याचा माठ आपला असतो.

मंडळाच्या पोरांचे दुसरे मागणे नाटकाचे होते. सामन्यांच्या रात्री त्याच बांधीत शामियाना टाकून नाटक लावायचे आणि तिकिटाचे पैसे अभ्यासिकेच्या छपराला द्यायचे. झाडीपट्टीत हे नवे नाही. दिवाळी झाली की वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात, होळीपर्यंत दम घेत नाहीत. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि तांबडे फुटेपर्यंत चालतो. लोक चटया, घोंगड्या घेऊन कुडकुडत बसतात. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे या रंगभूमीवर आयुष्यभर वावरले, त्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे निवडणूक जिंकल्यासारखे फटाके फुटले. आपल्या काही मंडळींना मंडई, दंडार, नाटक हे सर्व जुन्या धर्माचे वाटते. दीक्षेनंतर हा वाद आमच्या वस्तीतही झाला होता. वडिलांचा निकाल साधा होता: नारळ फोडू नका, तोंडाला रंग जरूर लावा. आमचेही तेच मत आहे. ही बोली, हे गाणे, हा ढोलकीचा ठेका आपल्या आजा-पणज्यांनीही घडवला आहे. तो दुसऱ्याला आंदण देऊन आपण काय मुंबईची गाणी डीजेवर लावून नाचायचे? चौदा एप्रिलला त्या आवाजाने म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडते, आणि वर्गणीतला मोठा भाग त्यात जातो, हे आम्ही पूर्वीही लिहिले आहे. लिहून फारसा फरक पडलेला नाही.

शंकरपटाचे मात्र आमच्याकडे नाव काढू नये. न्यायालयाने २०१४ साली तो बंद केला, डिसेंबर २०२१ मध्ये परत मोकळीक दिली आणि मे २०२३ मध्ये कायदाही मान्य केला. कायदा झाला, ठीक. पण तुतारी टोचून पळवलेल्या बैलाचे डोळे आम्ही लहानपणी जवळून पाहिले आहेत. पहिले शील रोज म्हणायचे आणि जानेवारीत पटाला जायचे हे आम्हाला जमत नाही. ज्यांना जमते त्यांच्याशी आम्ही भांडतही नाही, कारण त्यांत आमचे दोन सख्खे मेहुणे आहेत.

असा विचार चार दिवस चालला. पाचव्या दिवशी आम्ही बांधीवर गेलो. एचएमटी धान पिवळे पडू लागले होते. हे धान ज्यांनी शोधले ते दादाजी खोब्रागडे आमच्याच भागातले, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे, आपल्या समाजाचे. दीड-दोन एकरांचा धनी, शिक्षण जेमतेम. १९८३ साली त्यांना पटेल ३ या वाणाच्या शेतात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षे वेगळ्या पेरून बी वाढवले आणि मागेल त्याला दिले. व्यापाऱ्याने त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्या धानाला दिले, खोब्रागड्यांचे दिले नाही. १९९८ साली कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी म्हणून वाण काढला. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते दादाजींचा सत्कार झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हा उपचाराच्या पैशांचीही ओढाताण होती. लाखो एकरांवर ज्याचे धान उभे आहे, त्याने त्यातून स्वतःचे घर भरले नाही. समाजसेवा म्हटली की आपल्याकडे हार, फोटो आणि फ्लेक्स लागतो. खोब्रागड्यांनी तीन लोंब्या बाजूला ठेवल्या, एवढेच केले.

आम्ही धुऱ्यावर उभे राहून हिशेब केला. पोतेभर लाखोरी. बाजारभावाने पाहिले तर मोठी रक्कम नाही, पण आमच्या घरची डाळ आहे, आणि ती बाजारातून आणावी लागेल तेव्हा आम्हाला रोज ऐकावे लागेल. घरी येऊन सहचारिणींना म्हटले, या साली उतेरा फेकत नाही. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "धुऱ्यावर पोपट लावतो मी. त्याले त कोनी कबड्डी नाई खेलत?" पोपट म्हणजे आमच्याकडची वालाची शेंग. थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक अट घातली, ती आम्हाला सुचली नव्हती.

पोरांना बोलावून अटी सांगितल्या. मुलांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, मुलींचे १२ आणि ८. दोन्ही आखायची, एकातच भागवायचे नाही. सकाळ मुलींची, संध्याकाळ मुलांची; ही सहचारिणींची अट. कारण सकाळी बांधीत त्या स्वतः शेंगा तोडायला असतील आणि पोरी एकट्या राहणार नाहीत. धावण्याचा सराव आता रस्त्यावर नाही, बांधीच्या चारही धुऱ्यांच्या आतून. किती फेऱ्यांचे १६०० मीटर होतात ते पोरांनीच मोजावे. सामन्यांच्या दिवशी जेवण विहाराच्या आवारात सर्वांना एका पंक्तीत, पुढच्या दाराने. नाटक लावायचे तर तिकिटाचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहायचा, तोटा झाला तर तोही. आणि मे महिन्याच्या आत तुडवलेले धुरे जसेच्या तसे बांधून द्यायचे, पाऊस कोणासाठी थांबत नाही.

पोरांनी सगळे कबूल केले. पंक्तीच्या अटीवर एक पोर म्हणाले, "काका, मंग ते संघ येनार नाई." आम्ही म्हटले, "नाही आले तर चौदाच्या ठिकाणी बारा होतील." ते पोर गप्प बसले. त्याचा जिवलग मित्र त्यातल्याच एका संघात आहे, हे आम्हाला नंतर कळले. त्याने म्हणे मित्राला निमंत्रण दिले आहे आणि अटही सांगितली आहे. उत्तर अजून आलेले नाही.

धान निघून आता पंधरा दिवस झाले. पुंजणे दुसऱ्या बांधीत रचले. मंडळाच्या पोरापोरींनी तीन रविवार खपून खुंटे उपटली, भेगा बुजवल्या, नहराकाठची माती चाळून टाकली, शेणाचा सडा घातला. रोलर भाड्याने आणायला पैसे नाहीत, म्हणून त्यांनी दोनशे लिटरच्या लोखंडी ड्रममध्ये रेती भरून त्याला दांडा लावला आहे. ओढायला सहा जण लागतात आणि तो सारखा डावीकडे जातो. ज्या वाचकांना यावर उपाय ठाऊक असेल त्यांनी जरूर लिहावे.